मधली पायरी : अमेरिकेंतील ज्युनिअर कॉलेजें आणि होतकरू इंजिनिअर

मोठमोठ्या विद्यापीठांचे इतिहास लिहिले जातात. त्यांच्या मनोऱ्यांचीं चित्रें ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर झळकतात. परंतु त्या मनोऱ्यांपर्यंत सामान्य घरांतील मुलगा कोणत्या वाटेनें पोहोंचला, वाटेंत किती पायऱ्या होत्या आणि त्यांपैकीं कोणती पायरी केव्हां ढिली झाली, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. अमेरिकेंत अशी एक पायरी गेलीं सव्वाशें वर्षें उभी आहे. प्रारंभीं तिला ज्युनिअर कॉलेज म्हणत. पुढें तिचें नांव कम्युनिटी कॉलेज झालें.

हें नांव ऐकून महाराष्ट्रांतील वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव आहे. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेंत बारावी इयत्ता हायस्कुलांतच संपते आणि त्यानंतर पदवीचा अभ्यास चार वर्षांचा असतो. त्या चार वर्षांपैकीं पहिलीं दोन वर्षें घराजवळच्या लहानशा कॉलेजांत, कमी खर्चांत पुरीं करावयाचीं आणि नंतर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत प्रवेश घ्यावयाचा, अशी ही योजना आहे. इतिहास अगर साहित्य शिकूं इच्छिणाऱ्यास ही वांटणी फारशी जड जात नाहीं. इंजिनिअर होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र या ठिकाणीं खरी परीक्षा होते. आणि म्हणूनच या संस्थेचें बळ व तिची उणीव हीं दोन्ही त्याच्या वाटेवर जितकीं स्पष्ट दिसतात, तितकीं इतरत्र दिसत नाहींत.

या पायरीची कल्पना ज्यांनीं रुजविली, त्यांच्या मनांत गरीब मुलांचा कळवळा हाच एक हेतु होता असें म्हणतां येत नाहीं. शिकागो विद्यापीठ १८९२ सालीं उघडलें. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित होते. जर्मनींतील विद्यापीठांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढें होता. विद्यापीठानें संशोधन करावें, प्रौढ बुद्धीच्या विद्यार्थ्यांना शिकवावें. पदवीचीं पहिलीं दोन वर्षें म्हणजे खरें पाहतां हायस्कुलाचाच पुढला भाग, तेव्हां तीं इतरत्र गेलेलीं बरीं, असें त्यांचें मत होतें. शिकागोपासून सुमारें चाळीस मैलांवर जोलिएट नांवाचें कारखान्यांचें गांव आहे. तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्याशीं हार्पर यांचा विचारविनिमय झाला आणि १९०१ सालीं त्या हायस्कुलांतच पुढील अभ्यासाचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी होते अवघे सहा. अमेरिकेंतील सार्वजनिक ज्युनिअर कॉलेजांचा जन्म या सहा मुलांच्या वर्गापासून धरतात. हार्पर १९०६ सालीं वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षीं वारले. आपल्या कल्पनेचा पुढील विस्तार पाहण्यास ते राहिले नाहींत.

पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन यांनींही १९०७ सालीं आपल्या विश्वस्तांपुढें पहिलीं दोन वर्षें गाळून टाकण्याची सूचना मांडली होती. म्हणजे विद्वानांना विद्यापीठांतील गर्दी कमी करावयाची होती, आणि गांवोगांवच्या पालकांना आपलीं मुलें विद्यापीठांत धाडावयाचीं होतीं. हे दोन हेतु परस्परविरुद्ध होते. तरी दोहोंना एकच साधन सोयीचें वाटलें. एकाच पायरीला वर बसलेला माणूस कुंपण समजत होता आणि खालीं उभा असलेला माणूस आधार समजत होता. या दुहेरी जन्माची खूण त्या संस्थेच्या अंगावर पुढें कायमची राहिली.

पालकांच्या बाजूचें उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहराचें आहे. द्राक्षांच्या मळ्यांनीं वेढलेलें, बेदाण्यांच्या व्यापारावर वाढलेलें हें शहर. १९०७ सालीं कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळानें हायस्कुलांना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग चालविण्याची मुभा दिली होती. फ्रेस्नोचे शाळाधिकारी मॅक्लेन यांनीं गणित मांडलें, कीं जवळचें विद्यापीठ सुमारें दोनशें मैलांवर आहे. इतक्या दूर मुलाला ठेवण्याचा खर्च पुष्कळ कुटुंबांना झेपत नाहीं. मग दोन वर्षें तरी तो घरीं जेवून शिकला तर काय वाईट? १९१० सालीं तेथें वर्ग सुरू झाले आणि कॅलिफोर्नियांतील पहिलें ज्युनिअर कॉलेज म्हणून त्याची नोंद झाली. बर्कले येथील शिक्षणशास्त्राचे अध्यापक अलेक्सिस लँग यांनीं या चळवळीला विद्यापीठाच्या आंतून पाठिंबा दिला. १९१७ सालीं राज्याकडून पैशाची मदत मिळूं लागली आणि १९२१ च्या कायद्यानें ज्युनिअर कॉलेजांसाठीं स्वतंत्र जिल्हे करण्याची सोय झाली. हायस्कुलाच्या माडीवर भरणाऱ्या वर्गांना आतां स्वतःचें छप्पर मिळूं लागलें.

या ठिकाणीं एक गोष्ट हिंदी वाचकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९०७ चा तो उदार कायदा ज्यांनीं पुढें आणला, ते अँथनी कॅमिनेटी पुढें १९१३ सालीं अमेरिकेच्या परदेशी-आगमन खात्याचे मुख्य झाले. त्या अधिकारावर असतांना त्यांनीं हिंदुस्थानांतून येणाऱ्या लोकांना अमेरिकेचें दार बंद व्हावें म्हणून हिरिरीनें खटपट केली. आपल्या मळेवाल्यांच्या मुलांसाठीं विद्यापीठाची वाट जवळ आणणारा मनुष्य त्याच मळ्यांत राबणाऱ्या पंजाबी शेतकऱ्याला मात्र देशाबाहेर ठेवूं पाहत होता. दार कोणासाठीं उघडावयाचें, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासांत दाराच्या मापाइतकाच महत्त्वाचा असतो.

आतां इंजिनिअरिंगकडे वळूं. दोन टप्प्यांनीं इंजिनिअर होण्याची रीत आपल्याला अगदींच अपरिचित नाहीं. विश्वेश्वरय्या यांनीं १८८१ सालीं बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजांतून बी. ए. ची पदवी घेतली आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आले. तेथून १८८३ सालीं ते एल्. सी. ई. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढें मुंबई विद्यापीठांतही इंटर सायन्सची परीक्षा एका कॉलेजांत द्यावयाची आणि मग इंजिनिअरिंग कॉलेजांत जावयाचें, असा क्रम पुष्कळ वर्षें होता. परंतु आपल्याकडे खालच्या टप्प्याचा अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठच ठरवीत असे. त्यामुळें एका कॉलेजांतील इंटर दुसऱ्या कॉलेजांत चालेल कीं नाहीं, असा प्रश्न उद्भवत नसे. अमेरिकेंत तशी एकसूत्री व्यवस्था नव्हती. प्रत्येक कॉलेज आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवी आणि प्रत्येक विद्यापीठ त्यांतलें काय मानावयाचें तें स्वतः ठरवी. अडचण नेमकी येथेंच होती.

इंजिनिअरिंगचा अभ्यास साखळीसारखा असतो; मधली कडी सोडून पुढची धरतां येत नाहीं. बीजगणित व त्रिकोणमिति पक्की झाल्यावांचून कॅल्क्युलस म्हणजे कलनशास्त्र सुरू होत नाहीं. कलनशास्त्राचीं सामान्यतः तीन सत्रें असतात आणि त्यानंतर विकलक समीकरणें येतात. पदार्थविज्ञानांतील यंत्रशास्त्र शिकावयास कलनशास्त्र हवें. स्थितिशास्त्र शिकावयास तें पदार्थविज्ञान हवें. विजेच्या मंडलांचा अभ्यास करावयास विद्युत् व चुंबकत्व झालेलें हवें. दोन वर्षांत सत्रें चार. तेव्हां जो विद्यार्थी पहिल्याच सत्रांत कलनशास्त्रास हात घालतो, तोच नेमका वेळेवर वरच्या पायरीशीं पोहोंचतो. ज्याचें बीजगणित कच्चें आहे आणि ज्याला दोन सत्रें मागून प्रारंभ करावा लागतो, त्याचें एक वर्ष तेथेंच गेलें. शिवाय लहान कॉलेजांत स्थितिशास्त्राचा वर्ग वर्षांतून एकदांच भरावा, त्याची वेळ विद्यार्थ्याच्या नोकरीच्या वेळेशीं जुळूं नये, अगर पुरेसे विद्यार्थी नाहींत म्हणून तो रद्द व्हावा, हे प्रकार घडतच असतात. इतकें सर्व निभावलें तरी एका विद्यापीठाला रसायनाचीं दोन सत्रें हवीं असतात, दुसऱ्याला एकच पुरतें पण संगणकाची विशिष्ट भाषा हवी असते. विद्यार्थी तीन विद्यापीठांकडे अर्ज करणार असेल तर त्याला तीन याद्या सांभाळाव्या लागतात.

या अडचणीवर उपाय एकच : दोन्हीकडच्या शिक्षकांनीं एकत्र बसून, तुमचा अमुक विषय म्हणजे आमचा तमुक विषय, अशी लेखी जुळणी करून ठेवणें. हें काम अत्यंत रुक्ष आहे. त्यासाठीं कोणाचा पुतळा उभारला जात नाहीं. परंतु ज्या राज्यांत हें काम नेटानें झालें, तेथें पायरी भक्कम राहिली. जेथें झालें नाहीं, तेथें कायद्यांतील मोठमोठीं वचनें कागदावर राहिलीं.

दुसऱ्या महायुद्धानें या संस्थांचें रूप पालटलें. २२ जून १९४४ रोजीं अमेरिकन सरकारनें युद्धांतून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याचा कायदा केला. त्याचा लाभ घेऊन सुमारें २२ लक्ष माजी सैनिक कॉलेजांत दाखल झाले. त्यांत विमानांचीं यंत्रें दुरुस्त केलेले, पूल बांधलेले, बिनतारी यंत्रें हाताळलेले कितीतरी जण होते. हात शिकलेले होते, पुस्तक मागें राहिलें होतें. अशा प्रौढ विद्यार्थ्यांना घराजवळचें ज्युनिअर कॉलेज सोयीचें झालें. १९४६ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं उच्च शिक्षणाचा विचार करण्यास जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखालीं एक मंडळ नेमलें. १९४७ च्या अखेरीस बाहेर पडूं लागलेल्या त्याच्या अहवालांत असें म्हटलें होतें, कीं देशांतील निदान शेंकडा ४९ लोकांच्या अंगीं चौदा वर्षांचें शिक्षण पुरें करण्याची आणि निदान शेंकडा ३२ लोकांच्या अंगीं त्यापुढील उच्च शिक्षण घेण्याची पात्रता आहे. कॉलेज हें मूठभर बुद्धिमंतांसाठीं असतें, या समजुतीला त्या आंकड्यांनीं मोठा धक्का दिला. 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव सर्वतोमुखीं झालें तें याच अहवालामुळें.

यानंतरची मोठी घटना म्हणजे कॅलिफोर्नियाची १९६० सालची उच्च शिक्षणाची योजना. युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची लाट कॉलेजांच्या दारांशीं येऊन ठेपणार होती, आणि राज्यांतील विद्यापीठ व सरकारी कॉलेजें यांच्यामध्यें अधिकारांवरून ओढाताण चालली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकारानें तडजोड झाली आणि गव्हर्नर पॅट ब्राउन यांनीं कायद्यावर सही केली. हायस्कुलांतील वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांनीं विद्यापीठांत जावें, वरच्या तृतीयांशांनीं सरकारी कॉलेजांत जावें, आणि शिकूं इच्छिणाऱ्या बाकीच्या सर्वांना ज्युनिअर कॉलेजचें दार मोकळें असावें, असें ठरलें. योजनेचें मर्म मात्र दुसऱ्याच एका कलमांत होतें. विद्यापीठ व सरकारी कॉलेजें यांनीं पदवीच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ४० पहिल्या दोन वर्षांत आणि शेंकडा ६० वरच्या दोन वर्षांत ठेवावे, असें त्यांत म्हटलें होतें. वर जागा अधिक ठेवल्या कीं खालून येणाऱ्यांना आपोआप वाव मिळतो.

जन्माच्या वेळचा दुहेरी हेतु येथें पुन्हां दिसून येतो. त्यापूर्वीं विद्यापीठ वरच्या शेंकडा १५ विद्यार्थ्यांना घेत असे. तें प्रमाण साडेबारावर आणलें गेलें. म्हणजे पुढचें दार अरुंद केलें आणि बाजूचा जिना रुंद करण्याचें वचन दिलें. त्या काळीं ज्युनिअर कॉलेजांत शिक्षणशुल्क नव्हतें. १९८४ सालीं प्रथम तें बसविलें गेलें. जिना फुकट होता. प्रश्न एवढाच होता, कीं तो वरपर्यंत जातो काय?

या प्रश्नाचें एक अप्रिय उत्तर योजनेच्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनीं सॅन होझे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास केला. त्यांना असें आढळलें, कीं येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश पुढें विद्यापीठांत जाण्याच्या इराद्यानें येतात. प्रत्यक्षांत जातात एक-तृतीयांश. उरलेल्यांना कोणी हांकलून देत नाहीं. चांचण्या, समुपदेशकाच्या भेटी, कमी गुण, पूर्वतयारीचे वर्ग, अशा हळूहळू होणाऱ्या क्रियेनें त्यांची आकांक्षाच थंड होते. इंजिनिअर व्हावयास आलेला मुलगा वर्षभरानें आपण होऊनच म्हणूं लागतो, कीं नकाशे काढणाऱ्याचें काम कांहीं वाईट नाहीं. तें काम वाईट नाहींच. परंतु ती निवड त्याची होती कीं परिस्थितीची, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

तरीही या पायरीवरून चढून गेलेलीं माणसें थोडीं नाहींत. मिसिसिपी राज्यांतील बिलॉक्सी गांवचा फ्रेड हेझ हा मुलगा १९५० च्या सुमारास पर्किन्स्टन ज्युनिअर कॉलेजांत गेला. त्याला वृत्तपत्रांत काम करावयाचें होतें. तेथील दोन वर्षांनंतर तो लष्करी वैमानिक झाला. विमानानें त्याची दिशा बदलली. पुढें ओक्लाहोमा विद्यापीठांतून १९५९ सालीं त्यानें विमानविद्येंतील इंजिनिअरिंगची पदवी सन्मानानें मिळविली. एप्रिल १९७० मध्यें अपोलो १३ या चंद्रयानांत प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हां तिघां प्रवाशांनीं चंद्रावर उतरण्यासाठीं नेलेल्या लहान यानाचा आसरा घेऊन पृथ्वी गांठली. त्या लहान यानाचे वैमानिक हेझ होते. अठराव्या वर्षीं केलेली निवड ही अखेरची नसते, तिला वळण घेण्यास जागा असावी, हा या संस्थेचा गुण त्यांच्या चरित्रांत उत्तम दिसतो.

दुसरें नांव स्टीव्ह वॉझ्नियाक यांचें. पहिलें वर्ष त्यांनीं दूरच्या कोलोरॅडो विद्यापीठांत काढलें. परराज्यांतील विद्यार्थ्याचा तेथील खर्च जड होता. ते घरीं परतले आणि नुकत्याच निघालेल्या डी अँझा कॉलेजांत जाऊं लागले. तेथून ते बर्कलेस गेले. १९७६ सालीं त्यांनीं मित्रांबरोबर ॲपल कंपनी स्थापिली, आणि अर्धवट राहिलेली इंजिनिअरिंगची पदवी बर्कलेंतूनच १९८६ सालीं पुरी केली.

अशा नांवांवरून सर्वांचा हिशेब मांडणें मात्र योग्य होणार नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग अकादमीनें २००५ सालीं दाखवून दिलें, कीं शतकाच्या अखेरीस इंजिनिअरिंगची पदवी घेणाऱ्यांपैकीं सुमारें शेंकडा ४० जणांनीं केव्हांना केव्हां कम्युनिटी कॉलेजांत शिक्षण घेतलें होतें. हा आंकडा आशादायक आहे. दुसऱ्या बाजूस, २०१७ सालीं अमेरिकन कायदेमंडळाच्या हिशेबतपासणी कचेरीनें काढलेला निष्कर्ष असा, कीं एका संस्थेंतून दुसरींत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचें मिळविलेलें श्रेय सरासरीनें शेंकडा ४३ इतकें वाया जातें. आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें, कम्युनिटी कॉलेजांत प्रथम आलेल्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश विद्यार्थी चार वर्षांच्या संस्थेंत गेले, आणि सहा वर्षांच्या आंत पदवी हातीं पडली ती शंभरांतील सुमारें सोळा जणांच्या. क्लार्क यांच्या पाहणीनंतर साठ वर्षें उलटून गेलीं. एक-तृतीयांश हें प्रमाण जेथल्या तेथेंच राहिलें.

सुधारणा झाल्या नाहींत असें नव्हे. विषयांच्या जुळणीची एकत्र नोंद ठेवणारी 'असिस्ट' नांवाची व्यवस्था कॅलिफोर्नियांत १९८५ पासून आहे. विद्यार्थ्याला तींत आपलें कॉलेज, विद्यापीठ व शाखा निवडून विषयांची यादी पाहतां येते. २०१० सालीं त्या राज्यानें असा कायदा केला, कीं ठराविक ६० एककांचा दोन वर्षांचा क्रम पुरा करणाऱ्यास राज्य विद्यापीठांत प्रवेशाची हमी मिळावी. अनेक शाखांना त्याचा लाभ झाला. इंजिनिअरिंगला मात्र तें माप अपुरें पडलें. गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि इंजिनिअरिंगचे प्रारंभीचे विषय, त्यांवर सर्वसाधारण शिक्षणाचे विषय, इतका भार ६० एककांत बसेना. पुढें २०१७ सालीं, पूर्वतयारीच्या वर्गांत विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें अडकवून ठेवूं नये, हायस्कुलांतील गुण पाहून त्यांना शक्य तितकें सरळ वरच्या गणितांत घ्यावें, असा कायदा झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर जेरी ब्राउन हे १९६० च्या योजनेवर सही करणाऱ्या पॅट ब्राउन यांचेच चिरंजीव. पित्यानें जिना बांधला आणि सत्तावन्न वर्षांनीं पुत्रानें त्यांतली एक मोडकी पायरी दुरुस्त केली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

महाराष्ट्रांतही तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षांत जाणारे विद्यार्थी आहेत. पदविकेंत हाताचें काम भरपूर आणि गणित त्या मानानें कमी, यामुळें पहिल्या सत्रांत गणिताच्या पेपराशीं त्यांची कशी झटापट होते, हें ज्या घरांत असा मुलगा आहे त्या घराला सांगावयास नको. देश वेगळे, पद्धति वेगळी. परंतु दोन संस्थांमधली भेग ज्याला ओलांडावी लागते, त्याची अडचण सारखीच असते.

ज्युनिअर कॉलेजच्या इतिहासाचें सार येथें आहे. दार उघडें ठेवणें हें एक काम आणि जिना वरपर्यंत नेणें हें दुसरें काम. पहिलें काम एका कायद्यानें एका दिवसांत होतें, म्हणून त्याचा गाजावाजा होतो. दुसरें काम गांवच्या कॉलेजांतील गणिताचा शिक्षक आणि विद्यापीठांतील अध्यापक यांनीं दरवर्षीं नव्यानें करावयाचें असतें. १९१० सालीं फ्रेस्नोच्या मुलापुढें दोनशें मैलांचें अंतर होतें. आज त्या शहरांत राज्य विद्यापीठ आहे आणि त्यांत इंजिनिअरिंगही शिकवितात. मैलांचें अंतर सरलें. आतां कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यामध्यें कधीं कधीं फक्त एका विषयाचें अंतर असतें. तें दिसत नाहीं, म्हणूनच तें तोडणें अधिक कठीण असतें.